रात्रीची मोपेड, दिवा आणि आपले डोळे

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ग्रामीण भागातील रुग्णालयांत एका ठराविक प्रकारचे अपघातग्रस्त येऊ लागतात. बाजार, दुकान किंवा पाळी आटोपून मोपेडवरून घरी निघालेला माणूस अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर किंवा पुढे चाललेल्या बैलगाडीवर मागून आदळलेला असतो. शुद्धीवर आल्यावर तो एकच वाक्य सांगतो, "समोर काही दिसलेच नाही." त्यात खोटे काही नसते. पण दिसले का नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. उत्तराचा अर्धा भाग गाडीच्या दिव्यात आहे, तर अर्धा आपल्या डोळ्यांत.

लुना १९७२ साली बाजारात आली आणि सायकलवर फिरणाऱ्या सामान्य माणसाला इंजिनाची साथ मिळाली. आज तिची जागा नव्या मोपेड, बॅटरीवर चालणारी लुना (ती २०२४ साली आली) आणि विजेच्या सायकली घेत आहेत. गाडी हलकी, खर्च कमी, त्यामुळे "ही काय, सायकलच!" अशी भावना होते. परंतु डोक्याला मार बसताना वाहन हलके होते की भारी, याने फरक पडत नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती दगावल्या. त्यांत शंभरात सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते. दिवसभराचा विचार करता सर्वाधिक अपघात सायंकाळी ६ ते रात्री ९ या वेळात होतात.

दिसणे आणि थांबणे यांचा हिशेब

समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. त्यानंतर गाडी थांबायला आणखी अंतर लागते. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक गृहीत धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाला एकूण सुमारे २१ मीटर, ४० ला ३२ मीटर आणि ५० ला ४५ मीटर अंतर लागते. ओला रस्ता, गुळगुळीत टायर किंवा मागे बसलेला माणूस असेल तर ते आणखी वाढते.

आता दुसरी बाजू पाहू. गडद कपडे घातलेला माणूस मंद दिव्याच्या उजेडात वीस-पंचवीस मीटरवर आल्याशिवाय नीट ओळखू येत नाही. म्हणजे ताशी ४० च्या वेगाने जाणाऱ्याला तो दिसतो तेव्हा थांबायला जागाच उरलेली नसते. म्हणून नियम साधा आहे. जेवढा रस्ता दिव्यात स्वच्छ दिसतो, तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवावा. दिवा मंद असेल तर तीसच्या वर जाऊच नये.

डोळ्यांत काय घडते?

आपल्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक प्रकाशात काम करतात, परंतु त्यांना रंग कळत नाहीत. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पूर्णपणे सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणून लख्ख उजेडाच्या दुकानातून बाहेर पडताच भरधाव निघू नये. पहिली काही मिनिटे सावकाश जावे.

अंधुक उजेडात लाल रंग काळपट दिसतो. मरून साडी, तपकिरी बैल, काळी घोंगडी हे सारे अंधारात विरून जाते. समोरून प्रखर दिव्याची गाडी आली की डोळे दिपतात आणि ती निघून गेल्यावरही काही सेकंद नीट दिसत नाही. पाच सेकंद धरले तरी ताशी ४० च्या वेगाने आपण ५५ मीटर जवळजवळ आंधळेपणाने जातो. अशा वेळी समोरच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी व वेग कमी करावा.

वयाप्रमाणे डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते. विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मोतीबिंदू सुरू झालेल्यांना दिव्यांभोवती कडी दिसतात आणि दिपण्याचा त्रास जास्त होतो. मधुमेहामुळे दृष्टिपटल खराब झाल्यास रात्रीची नजर आधी मंदावू शकते. दिवसा चांगले दिसते म्हणून तपासणी टाळणे धोक्याचे आहे. चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असल्यास, वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञांकडून डोळे तपासून घ्यावेत.

अंधार पडताच चाचपडावे लागत असेल तर तो रातांधळेपणा असू शकतो. अ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचे एक कारण आहे. मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला, पपई, गाजर, पिकलेला आंबा, दूध व अंडी आहारात असावीत. पण सगळाच रातांधळेपणा आहाराने जात नाही. म्हणून स्वतः निदान न करता डॉक्टरांना दाखवावे. सर्दी-खाजेच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. त्या घेतल्यावर आणि मद्यपानानंतर गाडीला हात लावू नये.

दिव्याची निगा

जुन्या मोपेडचा दिवा बॅटरीवर नव्हे, इंजिनाच्या मॅग्नेटोवर चाले. इंजिन मंदावले की दिवाही मंदावतो. खड्डा आला म्हणून वेग कमी करावा, तर नेमका तेव्हाच उजेड जातो. अशी गाडी अजून वापरात असेल तर वायरिंग व बल्ब मेकॅनिककडून तपासून घ्यावेत आणि हाताशी चांगली बॅटरी ठेवावी. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळत राहतो. तो मुद्दाम बंद करण्याची सोय करून घेऊ नये. दिवसाही त्याने आपण इतरांना लवकर दिसतो.

काचेवर धूळ आणि किडे बसले की उजेड कमी होतो. रोज ओल्या फडक्याने काच पुसावी. दिव्याचा रोख तपासण्याची सोपी रीत अशी. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करावी, त्यावर नेहमीचा चालक बसवावा आणि डिपर लावावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा चार बोटे खाली पडली पाहिजे. मागे दुधाच्या किटल्या किंवा पोती लादली की पुढचा भाग वर उचलला जातो आणि उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ओझे नेणाऱ्यांनी लादलेल्या गाडीवरच रोख तपासावा. निळसर झगमगते दिवे बाहेरून बसवू नयेत. धुक्यात व पावसात ते आपल्यालाच दिपवतात.

मागचा लाल दिवा पुढच्या दिव्याइतकाच महत्त्वाचा. चालकाला तो दिसत नाही, म्हणून तो बंद पडल्याचे महिनोन्महिने कळत नाही. निघताना दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे. दोन्ही ब्रेक दाबल्यावर तो अधिक उजळतो का, हेही पाहावे.

रेडियमची पट्टी

आपण जिला रेडियम म्हणतो, त्या पट्टीत रेडियम मुळीच नसते. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा छोटे लोलक असतात. ते आलेला प्रकाश पुन्हा त्याच दिशेला परत पाठवतात. त्यामुळे शंभर मीटरपलीकडूनही ती चमकते. मडगार्डवर, हेल्मेटच्या मागे आणि किटल्यांवर ती लावावी. पेडलवर लावल्यास वरखाली हलताना अधिक लक्ष वेधते. मात्र ही पट्टी स्वतः उजेड देत नाही, म्हणून ती मागच्या दिव्याला पर्याय नाही. ट्रॉली आणि बैलगाडीच्या मालकांनी मागच्या बाजूला संपूर्ण रुंदीभर ती लावली, तर हंगामातले कितीतरी घरांवरचे संकट टळेल.

विजेची सायकल आणि हेल्मेट

२५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या विजेच्या गाडीला नोंदणी व परवाना लागत नाही. परंतु सूट कागदाची आहे, अंधाराची नाही. अनेक अशा सायकलींचे दिवे नाममात्र असतात. पुढे पांढरा व मागे लाल, असे दोन्ही दिवे घेतल्याशिवाय रात्री त्या बाहेर काढू नयेत.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाचेच हेल्मेट विकता येते. ते डोक्याला घट्ट बसावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा, नाहीतर पडताना ते आधी निघून जाते. रात्री काळी काच वापरू नये. ओरखडे पडलेली काच बदलावी, कारण प्रत्येक ओरखड्यावर समोरचा उजेड पसरतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच.

अपघात पाहिल्यास

प्रथम आपली गाडी कडेला घेऊन तिचे दिवे चालू ठेवावेत, म्हणजे मागून येणारे वाहन त्याच जागी आदळणार नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मान वाकवू नये, हेल्मेट ओढून काढू नये आणि बेशुद्धाला पाणी पाजू नये. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाण्याचे कारण नाही.

रात्री निघण्यापूर्वी दोन मिनिटे द्यावीत. काच पुसावी, मागचा दिवा पाहावा, ब्रेक दाबून बघावेत, हेल्मेटचा पट्टा लावावा. अंगात गडद कपडे असतील तर वरून पांढरा शर्ट किंवा रेडियमचे जाकीट चढवावे. आणि घरी वाट पाहणाऱ्यांनीही फोन करून "लवकर ये" असे न म्हणता "सावकाश ये" असे म्हणावे.