एका अपिलाची एकोणीस वर्षं

ऑस्कर स्लेटरला फाशीची शिक्षा झाली मे १९०९ मध्ये, आणि त्याचं अपील ऐकलं गेलं जुलै १९२८ मध्ये. मधली साडेअठरा वर्षं तो कैदेत होता, बहुतेक काळ पीटरहेडच्या तुरुंगात सक्तमजुरीवर. कोर्टाने तारखा दिल्या म्हणून हा उशीर झाला नाही. स्कॉटलंडमध्ये अशा अपिलासाठी कोर्टच नव्हतं. इंग्लंडने १९०७ च्या कायद्याने ते उभारलं, पण स्कॉटलंड त्यातून बाहेर राहिलं. त्याच सुमारास इकडे साताऱ्याच्या किंवा नाशिकच्या सेशन्स जज्जाने दिलेली फाशी मुंबई हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नव्हती. जी सोय साहेबाने आपल्याला दिली होती, ती त्याच्या स्वतःच्या घरात नव्हती.

२१ डिसेंबर १९०८ ची संध्याकाळ. ग्लासगोत मॅरिअन गिलख्रिस्ट नावाची ऐंशी ओलांडलेली श्रीमंत बाई एका मोलकरणीसोबत राहत होती. हेलन लॅम्बी ही मोलकरीण वर्तमानपत्र आणायला खाली गेली. दहा मिनिटांत परतली तेव्हा खालच्या मजल्यावरचे अ‍ॅडम्स दारात उभे होते. वरून धपधप ऐकू आली म्हणून ते आले होते. लॅम्बीने कुलूप उघडलं. आतून एक माणूस शांतपणे चालत आला, दोघांच्या समोरून गेला आणि मग जिना धडाधड उतरून पसार झाला. आत बाईचं डोकं ठेचलेलं होतं. किमती दागिन्यांतला फक्त एक हिऱ्याचा ब्रोच गायब होता, आणि कागदपत्रांची पेटी मात्र फोडून उचकटलेली होती. चोर दागिने सोडून कागद का चाळील, हा प्रश्न पोलिसांना फारसा पडलेला दिसत नाही.

त्यांना सापडला स्लेटर. जर्मन ज्यू, जुगारावर जगणारा, नावं बदलून राहणारा. तो एका हिऱ्याच्या ब्रोचची गहाणपावती विकायला बघतोय अशी खबर आली, आणि तोवर तो खोट्या नावाने ‘लुसिटानिया’ जहाजावरून न्यूयॉर्कला निघालाही होता. ब्रोच तपासला तर तो वेगळाच निघाला, खुनाच्या कित्येक आठवडे आधी गहाण पडलेला. म्हणजे ज्या धाग्याने पोलीस त्याच्यापर्यंत पोचले तोच तुटला. तपास मात्र थांबला नाही. संशयिताला सोडण्याऐवजी त्याच्यासाठी दुसरा पुरावा गोळा करणं सुरू झालं.

साक्षीदार तीन: लॅम्बी, अ‍ॅडम्स आणि मेरी बॅरोमन ही चौदा वर्षांची मुलगी, जिला रस्त्यात कुणीतरी धावत येऊन धडकलं होतं. तिघांना न्यूयॉर्कला नेलं. दोन्ही मुली जहाजावर एकाच केबिनमध्ये होत्या, आणि या विषयावर आपण अवाक्षर बोललो नाही असं त्यांनी नंतर सांगितलं. ज्याला वाटेल त्याने विश्वास ठेवावा! तिथल्या कोर्टाच्या व्हरांड्यातून अधिकारी स्लेटरला घेऊन गेले ते त्यांच्या डोळ्यांसमोरून. मग आत जाऊन ‘ओळख’ पटली. चेहरा नीट दिसला नव्हता म्हणणाऱ्या लॅम्बीने चालीवरून ओळखलं. बॅरोमनला तर आधी फोटोही दाखवलेला होता. आणि स्लेटर? तो प्रत्यार्पणाला विरोध सोडून आपणहून परत आला. ग्लासगोतल्या ओळख परेडीत या सावळ्या, परदेशी चेहऱ्याच्या माणसाशेजारी उभे केले होते ते बहुतेक साध्या वेशातले स्कॉटिश पोलीस.

शास्त्रीय पुरावा म्हणजे त्याच्या सामानातली एक छोटी घरगुती हातोडी. न्यायवैद्यकाचे नामवंत प्राध्यापक जॉन ग्लेस्टर म्हणाले की जखमा हिने होऊ शकतात. ‘होऊ शकतात’ एवढंच. पण मोठ्या माणसाच्या तोंडून ते ज्युरीला ‘झाल्या’ असं ऐकू गेलं असावं. प्रेताजवळ सगळ्यात आधी पोचलेल्या डॉक्टरांचं मत वेगळं होतं. खोलीतल्या जड खुर्चीचा पाय रक्ताने माखलेला होता आणि हत्यार तीच, असं त्यांना वाटत होतं. सरकार पक्षाने त्यांना साक्षीला बोलावलंच नाही.

एडिंबराच्या हायकोर्टात चार दिवस खटला चालला. पंधरा जणांच्या ज्युरीत नऊ म्हणाले दोषी, पाच म्हणाले सिद्ध झालं नाही, एक म्हणाला निर्दोष. स्कॉटलंडमध्ये साधं बहुमत पुरत असे. (आदल्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली तीही मुंबईत ज्युरीच्या सात विरुद्ध दोन मतांवर.) वीस हजार सह्यांचा अर्ज गेला आणि फाशीच्या दोन दिवस आधी जन्मठेप झाली.

स्लेटरला सोडवण्याचं पुढचं बरंचसं काम लेखक आर्थर कॉनन डॉइलच्या नावावर जमा होतं. या खटल्यावरची त्याची १९१२ ची पुस्तिका नेमकी आहे, पण माझ्या लेखी या प्रकरणातला खरा माणूस जॉन ट्रेंच. हा ग्लासगो पोलिसांतलाच डिटेक्टिव्ह. लॅम्बीने खुनाच्या रात्रीच दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं होतं, असं तो म्हणाला. १९१४ च्या बंद दाराआडच्या चौकशीत त्याचं म्हणणं फेटाळलं गेलं. त्याला बडतर्फ केलं, वर एका खोट्या गुन्ह्यात अडकवलं. त्यातून तो सुटला, पण १९१९ मध्ये वारला.

१९२५ मध्ये सुटणाऱ्या एका कैद्याने स्लेटरची चिठ्ठी तोंडात लपवून डॉइलपर्यंत पोचवली. दोन वर्षांनी पत्रकार विल्यम पार्कचं पुस्तक आलं, वर्तमानपत्रं पेटली, लॅम्बी आणि बॅरोमन दोघींनी आपल्या जुन्या साक्षीपासून पाय मागे घेतल्याचं छापून आलं. नोव्हेंबर १९२७ मध्ये स्लेटर सुटला. स्कॉटलंडचं नवं अपील कोर्ट १९२६ च्या ऑक्टोबरनंतरच्याच शिक्षांवरची अपिलं ऐकू शकत होतं, म्हणून त्याच्यासाठी पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला.

क्रेगी एचिसन या वकिलाने तेरा तास युक्तिवाद केला. अमेरिकेत गेलेली लॅम्बी आलीच नाही. २० जुलै १९२८ ला पाच न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली, पण कारण वाचलं की घास अडकतो. पुराव्यावरून ज्युरीला असा कौल देता येत होता, असंच ते म्हणाले. ओळख परेड, हातोडी, नवे पुरावे, या कशावरही अपील टिकलं नाही. टिकलं ते एकाच मुद्द्यावर. असल्या जगण्याच्या माणसाला निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा फायदा इतरांसारखा मिळत नाही, अशा अर्थाचं न्यायमूर्ती गथ्री १९०९ मध्ये ज्युरीला बोलून गेले होते. ते वाक्य त्यांनी गिळलं असतं तर स्लेटर कागदोपत्री खुनीच राहिला असता.

सरकारने सहा हजार पौंड देऊ केले आणि त्याने ते घेतले. अपिलाचा खर्च त्यातून द्यायला मात्र त्याने नकार दिला. मी दोषी नव्हतो तर खर्च माझ्याकडून का, असं त्याचं म्हणणं. खर्चाची हमी घेतलेला डॉइल भडकला आणि दोघांचं भांडण वर्तमानपत्रांत गेलं. स्लेटर १९४८ मध्ये वारला. मिस गिलख्रिस्टच्या खुनासाठी त्याच्यानंतर दुसऱ्या कुणावर खटला झाला नाही.