पवनचक्की कुठून किती दिसेल?

पालघर जिल्ह्यातील जव्हार हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. गावाजवळच्या हनुमान पॉइंटवर उभे राहिले की समोर खोल दरी दिसते, आणि झाडीतून डोके वर काढणारा मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडाही दिसतो. पूर्वेकडे मोखाडा तालुक्यातील डोंगर एकामागे एक उभे आहेत. खोडाळ्यापलीकडचे सूर्यमाळ हे तर उंच पठारच.

आता अशी कल्पना करू, की सूर्यमाळसारख्या एखाद्या उंच माळावर दहा पवनचक्क्या उभारायचे ठरले आहे. हा प्रकल्प आपण केवळ अभ्यासासाठी कल्पिला आहे. तो कानावर येताच कोणाच्याही मनात तीन प्रश्न उभे राहतील. त्या चक्क्या आपल्या गावातून दिसतील का? दिसल्याच तर किती मोठ्या दिसतील? आणि त्यामुळे आपल्या परिसराचे रूप बिघडेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शाळेतल्या भूमितीने काढता येतात. तिसरा प्रश्न मात्र भूमितीने सुटत नाही. तो सोडवण्याची रीत वेगळी आहे, पण रीत आहे. तीच आपण समजून घेऊ.

चक्की माथ्यावरच का?

वाऱ्यापासून मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला ५ मीटरवरून ६ मीटर झाला, तर वेगातील वाढ अवघी २० टक्के; पण शक्ती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. (६ चा घन २१६, ५ चा घन १२५; भागाकार करून पाहा.) दरीत वारा अडतो, माथ्यावर तो मोकळा वाहतो. म्हणून पवनचक्की उंच जागा शोधते. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीचे पठार आणि पाटण तालुक्यातील वनकुसवडेचे सुमारे १,१५० मीटर उंचीचे पठार चक्क्यांनी भरून गेले, ते याच कारणाने.

परंतु जी जागा वाऱ्याला मोकळी, तीच नजरेलाही मोकळी असते. मोखाडा तालुक्यातच याचे उलटे उदाहरण आहे. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण सुमारे १०२ मीटर उंच आहे. एवढी प्रचंड भिंत, पण ती दरीत असल्यामुळे जवळ गेल्याखेरीज दिसत नाही. तेवढ्याच उंचीचा मनोरा डोंगरमाथ्यावर उभा केला, तर तो कित्येक गावांतून दिसेल. म्हणजे वस्तू किती उंच आहे याहून ती कोठे उभी आहे, हे अधिक महत्त्वाचे.

मुठीने मोजा

आपल्या कल्पित चक्कीचा खांब १०० मीटर उंच आणि प्रत्येक पाते ५० मीटर लांब आहे असे धरू. पाते सरळ वर आले की टोकाची उंची १५० मीटर होते. पाहणाऱ्याच्या डोळ्याशी ही उंची जो कोन करते, त्याला दृश्यकोन म्हणतात. तो काढायचे सोपे सूत्र असे : उंचीला अंतराने भागा आणि ५७ ने गुणा, उत्तर अंशांत येते.

चक्की १ किलोमीटरवर असेल तर हा कोन सुमारे साडेआठ अंश, २ किलोमीटरवर सव्वाचार अंश, ५ किलोमीटरवर पावणेदोन अंश आणि १० किलोमीटरवर एक अंशाहून थोडा कमी येतो. हे आकडे डोळ्यांपुढे आणण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. हात ताठ समोर धरा. वळलेल्या मुठीची रुंदी सुमारे १० अंश आणि करंगळीची रुंदी सुमारे १ अंश भरते. म्हणजे १ किलोमीटरवरची चक्की जवळजवळ मुठीएवढी, तर १० किलोमीटरवरची करंगळीच्या जाडीएवढी दिसेल. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास साधारण अर्धा अंश असतो. तेव्हा चक्कीची उंची चंद्रबिंबाएवढी दिसायला तिला १६-१७ किलोमीटर दूर जावे लागेल!

मधला डोंगर किती झाकतो?

ही झाली मोकळ्या मैदानातील गोष्ट. जव्हार-मोखाड्यात नजर आणि चक्की यांच्यामध्ये एखादा तरी डोंगर येणारच. त्यासाठी दृष्टिरेषा काढावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा दर २० मीटरला असतात. पाहण्याची जागा आणि चक्कीची जागा पट्टीने जोडा. ती रेषा कोणकोणत्या समोच्च रेषांना छेदते ते आलेख कागदावर उतरवा. डोंगराचा उभा छेद तयार होईल.

एक उदाहरण सोडवू. पाहणारा ४५० मीटर उंचीवर आहे. ४ किलोमीटरवर ५२० मीटर उंचीची डोंगररांग आहे, आणि १० किलोमीटरवर ५६० मीटर उंचीच्या माळावर चक्की आहे. नजर रांगेच्या माथ्याला घासून जाते तेव्हा ती ४ किलोमीटरमध्ये ७० मीटर वर चढते. याच चढाने १० किलोमीटरवर ती १७५ मीटर वर, म्हणजे ६२५ मीटर उंचीवर पोचेल. त्याखालचे सारे झाकलेले. चक्कीचा पाया ५६० मीटरवर असल्यामुळे तिचा खालचा ६५ मीटर भाग लपतो आणि वरचा ८५ मीटर दिसतो. पृथ्वी गोल असल्यामुळे यात आणखी चार-पाच मीटरांची घट होते. एवढ्या अंतरावर ती फारशी मोठी नाही. अशा जागेवरून खांबाचे टोक आणि रांगेमागून वर येणारी, पुन्हा मागे बुडणारी पाती दिसतील.

हेच गणित परिसरातील प्रत्येक जागेसाठी केले आणि जिथून चक्की दिसते त्या जागा नकाशावर रंगवल्या, की दृश्यक्षेत्राचा नकाशा तयार होतो. आता हे काम संगणक करतो. त्यासाठी लागणारी जमिनीच्या उंचीची माहिती कृत्रिम उपग्रह पुरवतात. २००५ साली सोडलेला भारताचा कार्टोसॅट-१ हा याच कामाचा होता. पण असा नकाशा बहुधा झाडे आणि घरे विचारात घेत नाही. म्हणून नकाशा हाती घेऊन प्रत्यक्ष त्या जागी जाऊन पाहावेच लागते.

छायाचित्र फसवते तेव्हा

प्रकल्प उभा राहण्याआधी तो कसा दिसेल हे दाखवण्यासाठी डोंगराच्या छायाचित्रावर चक्क्यांची चित्रे बसवतात. इथे जपून राहावे लागते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात दूरचे डोंगर बुटके दिसतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. त्याची भिंग-रचना विस्तृत भाग टिपते, त्यामुळे छोट्याशा पडद्यावर प्रत्येक वस्तूच्या वाट्याला थोडीच जागा येते. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरचे भिंग असेल, तर ५ किलोमीटरवरच्या १५० मीटर चक्कीची प्रतिमा फिल्मवर दीड मिलिमीटर पडते. ती दहापट मोठी केली की १५ मिलिमीटर होते, आणि असे चित्र डोळ्यांपासून ५० सेंटिमीटरवर धरले तर चक्की खरोखरीच्या आकाराची भासते. म्हणून चित्राखाली तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात : ते कोठून काढले, कोणत्या भिंगाने काढले आणि किती अंतरावरून पाहायचे. त्या नसतील तर ते चित्र पुरावा म्हणून स्वीकारू नये.

स्थिर चित्रात आणखी एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे गती. हलणाऱ्या वस्तूकडे नजर आपोआप वळते. ५० मीटर लांबीचे पाते मिनिटाला १५ फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने धावते. सूर्य कलला असताना फिरत्या पात्यांच्या सावल्या जवळच्या घरांवर पडून उघडझाप होते. ऋतूचाही विचार हवा. महाराष्ट्रात पवनविजेचा मोठा वाटा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तयार होतो. पण त्या दिवसांत जव्हारचे पठार धुक्यात आणि ढगांत बुडालेले असते. पाऊस संपून आकाश निवळते तेव्हा चक्क्या स्पष्ट दिसतात, आणि तेव्हाच वारा मंद असतो!

दिसणे आणि बिघडणे

आता तिसरा प्रश्न. परिसरात नवी वस्तू दिसली म्हणजे तो बिघडला, असे नाही. जयविलास राजवाडाही माणसानेच टेकडीवर बांधला. आज तो जव्हारच्या देखाव्याचा भाग झाला आहे. म्हणून या विषयाचे अभ्यासक दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक, भूदृश्यावरील परिणाम, म्हणजे खुद्द जमिनीत झालेला बदल. दुसरा, दृश्य परिणाम, म्हणजे पाहणाऱ्या माणसाला जाणवणारा बदल.

पहिल्यात चक्कीपेक्षा तिच्याकडे जाणारा रस्ता अनेकदा मोठा ठरतो. लांबलचक पाते वर न्यायचे तर रुंद, कमी चढाचा रस्ता कापावा लागतो. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवनप्रकल्पासाठी जंगलातून काढलेल्या रस्त्यांनी केलेल्या हानीची दखल घेतली होती. काही बदल तर डोळ्यांना दिसतच नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आणि त्यांचे भक्ष्य असलेले, गळ्याखाली रंगीत पंखा असणारे सरडे अधिक आढळले. पठार वरून तसेच दिसत होते, पण त्यावरचा जीवनक्रम बदलला होता.

दुसऱ्या परिणामासाठी पाहणारा कोण, हे ठरवावे लागते. ब्रिटनमध्ये यासाठी १९९५ पासून मार्गदर्शक नियमावली आहे. तिची तिसरी आवृत्ती २०१३ मध्ये निघाली. बदल किती मोठा आणि पाहणारा किती संवेदनशील, या दोन्हींची प्रतवारी करून परिणामाचे महत्त्व ठरवायचे, अशी ती रीत. त्या रीतीत रहिवासी व पर्यटक अधिक संवेदनशील मानतात, तर कामात गुंतलेली माणसे कमी. हा नियम जव्हार-मोखाड्याला जसाच्या तसा लावता येईल का? येथे उतारावर नागली-वरई लावणारे वारली, कोकणा, ठाकूर शेतकरी कामावर असतात खरे, पण त्यांचे काम बंद खोलीत नसते. कोणत्या शिखरावर ढग टेकला यावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्याची नजर दिवसभर डोंगरावरच असते. काही डोंगरांवर गावाची दैवते आहेत. तासाभरासाठी मोटारीतून आलेल्या पाहुण्याहून या माणसाचे मत हलके कसे धरायचे?

हा प्रश्न केवळ अभ्यासापुरता नाही. पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेत ज्या उद्योगांची यादी आहे, तीत पवनचक्क्या नाहीत. वनजमीन लागली तर वेगळी परवानगी घ्यावी लागते. पण डोंगराचे रूप किती बदलेल हे आधी तपासून दाखवण्याचे बंधन या अधिसूचनेने घातलेले नाही. पवनचक्कीची वीज कोळसा न जाळता मिळते, ही मोठी जमेची बाजू. म्हणून नकार किंवा होकार देण्यापूर्वी हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. मोखाड्याच्या दरीतले पाणी मुंबईला जाते आणि तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. लाभ एकाला आणि बदल दुसऱ्याला, असे विजेच्या बाबतीत व्हायचे नसेल, तर ज्यांना तो डोंगर रोज दिसतो त्यांनी मोजायला शिकले पाहिजे.

करून पाहा

आपल्या शाळेच्या अंगणातून दिसणारा एक डोंगर निवडा. त्याचे अंतर नकाशावर मोजा आणि माथ्यावर १५० मीटरची चक्की असेल तर दृश्यकोन किती येईल ते काढा. गावातल्या पाच ठिकाणांहून दृष्टिरेषा आखा : शाळा, बाजार, पाणवठा, देऊळ आणि एक शेत. मग प्रत्येक ठिकाणी एका वडीलधाऱ्या माणसाला विचारा, ‘हा डोंगर तुम्ही कशासाठी पाहता?’ कोनाच्या आकड्याशेजारी ते उत्तरही लिहा. दोन्ही रकाने भरले की तुमच्या गावाचे मूल्यमापन तयार झाले. ते शिक्षकांच्या मदतीने ग्रामसभेपुढे ठेवता येईल.