बिनतारी संवेदक जालके

एखाद्या विस्तृत प्रदेशात ठिकठिकाणी ठेवलेली, तापमान, आर्द्रता, दाब, पाण्याची पातळी, कंपन, वायूंचे प्रमाण इ. राशी मोजणारी आणि मापनांची माहिती रेडिओ तरंगांद्वारे एकमेकांकडे व अखेरीस एका मध्यवर्ती केंद्राकडे पाठविणारी लहान इलेक्ट्रॉनीय उपकरणे ज्या व्यवस्थेने परस्परांशी जोडलेली असतात, तिला बिनतारी संवेदक जालक म्हणतात. जालकातील प्रत्येक उपकरणाला जालबिंदू व माहिती गोळा करणाऱ्या केंद्राला संग्राहक केंद्र असे म्हणता येईल. एकट्या उपकरणावरून एका जागेची स्थिती कळते. जालकावरून एखादी घटना कोठे सुरू झाली, किती वेगाने व कोणत्या दिशेने पसरत आहे हे कळते. पूर, दरड कोसळणे, चक्रीवादळ यांसारख्या ज्या संकटांत काही मिनिटांच्या पूर्वसूचनेनेही प्राण वाचू शकतात, त्यांत या जालकांचे महत्त्व विशेष आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडचा परिसर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. येथे शास्त्री नदी अरबी समुद्रास मिळते. मुखाशी किल्ला, दीपगृह, मासेमारी बंदर, २००९ मध्ये सुरू झालेले खोल पाण्याचे खाजगी बंदर व १,२०० मेगॅवॉट क्षमतेचे औष्णिक विद्युत् केंद्र आहे; सभोवती जांभ्या खडकाच्या सड्यांवर व उतारांवर हापूस आंब्याच्या बागा आहेत आणि पूर्वेस नदीच्या उगमाकडे सह्याद्रीचे दरडप्रवण कडे आहेत. समुद्र, खाडी, उद्योग, बागायत व डोंगर या पाचही ठिकाणी मोजावयाच्या राशी निराळ्या असल्या, तरी मापनाचे तत्त्व एकच आहे.

इतिहास : दूरच्या जागेवरील मापने तारेने किंवा रेडिओने मिळविण्याचे तंत्र (दूरमापन) जुने आहे. अनेक संवेदकांनी स्वतःच सहकार्याने निष्कर्ष काढावेत, या कल्पनेवर अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास काम केले; परंतु त्या काळची उपकरणे मोठी व महाग होती. सूक्ष्मप्रक्रियक, रेडिओ मंडले व सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म संवेदक स्वस्त झाल्यावर १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी हाताच्या तळव्यावर मावतील असे जालबिंदू तयार केले. २००२ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ग्रेट डक बेटावर सागरी पक्ष्यांच्या घरट्यांतील परिस्थिती माणसाचा वावर टाळून मोजण्यासाठी असे जालक बसविण्यात आले. २००३ मध्ये अल्प शक्तीच्या रेडिओ संदेशवहनासाठी ८०२.१५.४ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाल्यावर निरनिराळ्या उत्पादकांच्या उपकरणांना समान पाया मिळाला.

रचना व कार्य : जालबिंदूचे चार मुख्य भाग असतात. (१) संवेदक : हा भौतिक राशीचे विद्युत् राशीत रूपांतर करतो. उदा., थर्मिस्टरचा विद्युत् रोध तापमानानुसार बदलतो; विकृतिमापकाचा रोध तो ज्या पृष्ठावर चिकटविला आहे त्याच्या ताणानुसार बदलतो; मातीतील ओलावा वाढला की, तीत खोचलेल्या दोन पट्ट्यांमधील विद्युत् धारणा वाढते. (२) प्रक्रियक : संवेदकाकडून आलेल्या सलग बदलत्या विद्युत् दाबाचे अंकांत रूपांतर करून तो ते स्मृतीत साठवितो व त्यांतील पाठविण्याजोगे कोणते हे ठरवितो. (३) रेडिओ प्रेषक-ग्राही व आकाशक (अँटेना). (४) विद्युत् पुरवठा : बहुधा घटमाला व तिला जोडलेला लहान सौर पट्ट.

८०२.१५.४ मानकाप्रमाणे २,४०० मेगॅहर्ट्‌झ लगतच्या कंप्रता पट्ट्यात १६ मार्ग उपलब्ध असून दर सेकंदास २,५०,००० अंक-एकके (बिट) पाठविता येतात. साध्या आकाशकाने मोकळ्या जागेत पल्ला सुमारे १०० मी. असतो. झाडांची पाने व त्यांवरील पाणी या कंप्रतेचे तरंग शोषून घेतात. त्यामुळे घनदाट बागेत, विशेषतः पावसाळ्यात, पल्ला बराच घटतो. भारतात ८६५ मेगॅहर्ट्‌झपासूनचा एक पट्टाही अल्प शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना वापरता येतो. या कमी कंप्रतेवर मंद गतीने थोडी माहिती पाठविल्यास काही किलोमीटरांपर्यंत पोहोचता येते.

दोन जालबिंदूंमधील अंतर पल्ल्याहून अधिक असेल, तर मधले जालबिंदू संदेश टप्प्याटप्प्याने पुढे देतात. यात शक्तीचीही बचत होते. मोकळ्या जागेत आवश्यक प्रेषणशक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून २०० मी. अंतर एका उडीत कापण्याऐवजी १०० मी. च्या दोन उड्यांत कापले, तर प्रत्येक उडीस एक चतुर्थांश व एकूण निम्मी प्रेषणशक्ती पुरते. जमिनीलगत तरंगांची क्षीणता याहूनही जलद होते, तेथे फायदा आणखी वाढतो. मात्र मधल्या जालबिंदूला संदेश ग्रहण करण्यासाठीही ऊर्जा खर्चावी लागते; त्यामुळे उड्यांची संख्या अमर्याद वाढविणे लाभदायक नसते. शिवाय संग्राहक केंद्राच्या लगतचे जालबिंदू इतर सर्वांचा भार वाहत असल्याने त्यांचे घट सर्वांत आधी संपतात. एखादा जालबिंदू बंद पडल्यास उरलेले आपसांत संदेश देऊन नवा मार्ग शोधतात. हा जालकाचा मोठा गुण होय.

ऊर्जेचा हिशेब : संवेदक जालकाच्या आराखड्यात निर्णायक प्रश्न ऊर्जेचा असतो. २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या घटांवर चालणाऱ्या जालबिंदूचा रेडिओ ग्राही चालू असताना सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेतो असे मानल्यास, तो अखंड चालू ठेवल्यावर घट १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत संपतील. तोच रेडिओ एकूण वेळेच्या केवळ १ टक्का चालू ठेवला, तर सरासरी प्रवाह ०.२ मिलिअँपिअर होतो व निद्रावस्थेतील अल्प प्रवाह धरूनही घट एक वर्षाहून अधिक टिकतात. म्हणून जालबिंदू बहुतेक काळ निद्रावस्थेत असतात व ठराविक क्षणी एकाच वेळी जागे होतात. त्यासाठी सर्वांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. कोकणात सौर पट्ट ऐन पावसाळ्यात, म्हणजे मापनाची गरज सर्वाधिक असते तेव्हाच, कमी ऊर्जा देतो. म्हणून घटांची क्षमता ढगाळ दिवसांचा हिशेब धरून ठरवावी लागते.

सागर व खाडी : समुद्राचे पाणी विद्युत् संवाहक असल्याने रेडिओ तरंग त्यात शिरताच लवकर विरतात. पाण्याखालील संवेदकांना ध्वनितरंगांचा आश्रय घ्यावा लागतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मी. असल्याने हे संदेशवहन मंद असते. पृष्ठावरील तरते मापक आणि किनाऱ्यावरील ठाणी मात्र रेडिओ, दूरध्वनी जालक वा उपग्रह यांमार्फत माहिती पाठवितात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी नदीच्या मुखाशी वेरे येथे बसविलेला पातळीमापक खालच्या पाण्याकडे सूक्ष्मतरंग सोडून ते परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून पातळी काढतो व भ्रमणध्वनीच्या जालकाने ती कळवितो. १२ सप्टेंबर २००७ रोजी सुमात्राजवळ झालेल्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीची लहानशी चाहूल या पद्धतीने गोव्यात व कवरत्ती बेटावर जवळजवळ तत्काळ नोंदविली गेली.

मासेमारी करणाऱ्यांसाठी धोक्याची माहिती मोजली जाणे पुरेसे नसते, ती नौकेपर्यंत पोहोचावी लागते. नोव्हेंबर २००९ मधील फयान चक्रीवादळाने रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ही उणीव तीव्रतेने जाणवली. भ्रमणध्वनीचे संदेश किनाऱ्यापासून सुमारे १०-१२ किमी. पलीकडे मिळत नाहीत. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी २०१९ मध्ये प्रसृत केलेल्या ‘जेमिनी’ या ग्राही उपकरणावर उपग्रहामार्फत खोल समुद्रातही इशारे मिळतात. मात्र हे संदेशवहन एकमार्गी असून नौकेवरून उत्तर पाठविता येत नाही.

पूर, दरडी व लोहमार्ग : कोकणात संवेदकांचा दैनंदिन उपयोग सर्वांत स्पष्टपणे कोकण रेल्वेवर दिसतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ मार्गावर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरून सुमारे पन्नास प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर उतारांचे मजबुतीकरण व देखरेख वाढविण्यात आली. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली इ. स्थानकांवर स्वयंनोंदी पर्जन्यमापक आहेत. काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांवर पूरसूचक यंत्रणा असून पाणी धोक्याच्या पातळीस पोहोचताच ती सूचना देते. रत्नागिरी व निवसर या स्थानकांमधील उंच पानवल पुलावर तसेच मांडवी, जुवारी व शरावती नद्यांवरील पुलांवर वायुवेगमापक आहेत. मुसळधार पावसात दृश्यता कमी झाल्यास गाड्यांचा वेग ताशी ४० किमी. पर्यंत मर्यादित ठेवला जातो.

दरड कोसळण्यापूर्वी उतारात सूक्ष्म बदल होतात. पावसाचे पाणी मातीच्या रंध्रांत शिरून रंध्रजलदाब वाढतो, कणांमधील घर्षण घटते, उतार किंचित कलतो व खडकातील ताण बदलतो. म्हणून पर्जन्य, रंध्रजलदाब, कल व ताण ही चारही मापने एकत्र पाहिली, तर केवळ पर्जन्यमानावर आधारलेल्या इशाऱ्यापेक्षा अधिक विश्वसनीय अनुमान करता येते. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी कोकण रेल्वेवरील दरडींचा प्रश्न समोर ठेवून २००५ च्या सुमारास स्वस्त विकृतिमापकांच्या जालकाची ‘सेनस्लाइड’ ही प्रायोगिक योजना मांडली. थोड्या महाग उपकरणांऐवजी पुष्कळ स्वस्त उपकरणे वापरावीत, म्हणजे काही निकामी झाली तरी जालक काम करीत राहील, अशी तिची भूमिका होती. केरळातील मुन्नार येथे अमृता विद्यापीठाने भूगर्भात खोलवर पुरलेल्या संवेदकांचे जालक उभारले असून २००९ च्या पावसाळ्यात त्यावरून इशारा देण्यात आला.

अशी गरज महाराष्ट्रात मोठी आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण येथे दीडशेहून अधिक, तर २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली सापडून मरण पावली. तळियेच्याच दिवशी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. मातीच्या धरणात पाझराचा दाब व वहन मोजणारे संवेदक अशा बिघाडाची चाहूल देऊ शकतात; परंतु प्रत्येक डोंगरउतारावर वा लहान धरणावर जालक बसविणे खर्चाचे असल्याने प्रथम भूशास्त्रीय पाहणीने धोक्याच्या जागा निवडणे आवश्यक असते.

शेती व बागायत : मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने नासिक येथील द्राक्षमळ्यात ‘अ‍ॅग्रिसेन्स’ या जालकाचा प्रयोग केला. मातीचा ओलावा, तापमान, आर्द्रता व पानांवरील ओलसरपणा यांवरून पाणी केव्हा द्यावे व बुरशीजन्य रोगाचा संभव केव्हा आहे हे ठरविणे, हा त्याचा हेतू होता. आंब्याच्या बाबतीत हीच पद्धत मोहोराच्या काळात उपयुक्त आहे. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे व भुरी रोग बळावतो; जांभ्या जमिनीतून वर येणारी उष्णता फळातील साक्याचे एक कारण मानतात. एकाच बागेतील समुद्राकडील उतार व आतील दरी यांच्या हवामानात फरक असल्याने बागेतील स्वतःची मापने दूरच्या केंद्राच्या मापनांपेक्षा मार्गदर्शक ठरतात.

महाराष्ट्रात महसूल मंडळ हा घटक धरून २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे ‘महावेध’ प्रकल्पात उभारण्यात आली आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या नोंदींवर अवलंबून असते. अवकाळी पाऊस किंवा तापमान ठरीव मर्यादेपलीकडे गेल्याची नोंद झाली तरच बागायतदारास रक्कम मिळते. त्यामुळे संवेदकाची जागा योग्य असणे, त्यावर झाडांची वा भिंतींची सावली नसणे व त्याचे वेळोवेळी प्रमाणीकरण होणे, या तांत्रिक वाटणाऱ्या बाबींवर एखाद्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून राहते.

हवेची शुद्धता : जयगड येथील विद्युत् केंद्राच्या उभारणीच्या वेळी गंधक डाय-ऑक्साइडाचा आंबा बागांवर परिणाम होईल, अशी चिंता बागायतदारांनी व्यक्त केली होती. अशा वादात सलग व सर्वांस पाहता येणारी मापने हा निर्णयाचा आधार ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये औष्णिक विद्युत् केंद्रांसह प्रदूषणकारी उद्योगांच्या १७ वर्गांना उत्सर्जनाचे सतत स्वयंचलित मापन करण्याचे निर्देश दिले. धुराड्यातील मापनावरून किती वायू बाहेर पडला ते कळते. तो कोणत्या बागेपर्यंत पोहोचला हे कळण्यास वाऱ्याची दिशा व सभोवतालच्या हवेतील मापनांचे जालकच लागते.

मर्यादा व दक्षता : खारी हवा धातूचे सांधे गंजविते, विजेच्या लोळाने मंडले जळतात, पर्जन्यमापकांच्या नरसाळ्यांत पाने व कीटकांची घरटी अडकतात आणि स्वस्त संवेदकांची मापने काळानुसार ढळतात. म्हणून दर पावसाळ्यापूर्वी तपासणी, प्रमाणभूत उपकरणाशी तुलना व घटांची बदली या गोष्टी मूळ खर्चातच धरल्या पाहिजेत. रेडिओ संदेश कोणासही ऐकता येत असल्याने ते सांकेतिक रूपात पाठविणे आवश्यक असते.

इशाऱ्याची मर्यादा ठरविणे हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. ती फार खाली ठेवल्यास खोटे इशारे वाढून लोकांचा विश्वास उडतो. फार वर ठेवल्यास खरा इशारा उशिरा मिळतो. म्हणून प्रत्येक जागी काही पावसाळ्यांच्या नोंदी पाहून ती निश्चित करतात आणि एकापेक्षा अधिक संवेदकांनी दुजोरा दिल्यावरच भोंगा वाजेल अशी योजना करतात. संवेदक केवळ मापन पुरवितो. इशारा कोणी द्यावा, तो कोणत्या वाटेने वाडीपर्यंत पोहोचावा, रात्री लोकांनी कोठे जावे हे आधी ठरलेले व सरावाने अंगवळणी पडलेले नसेल, तर अचूक मापनही निरुपयोगी ठरते.