आधी झाडू, मग औषध



विहिरीत पावडर टाकली, जखमेवर औषध लावलं, मोरीत फिनेल ओतलं, की काम झालं अशी आपली समजूत असते. औषध खरं असतं, पैसेही मोजलेले असतात, तरी गुण येत नाही. मग आपण औषधाला नावं ठेवतो. खरा दोष बहुतेक वेळा औषधात नसतो, वापरण्यात असतो.

हे जंतुनाशक करतं तरी काय? जंतू म्हणजे एका पेशीचा जीव. बाहेर पातळ आवरण, आत प्रथिनं. ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन हे आवरण आणि प्रथिनं जणू जाळून टाकतो. कार्बोलिक आणि स्पिरिट प्रथिनं गोठवतात. तव्यावर अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो, तसं. काही औषधं साबणासारखी आवरण फाडतात.

पण क्लोरीनला जंतू कोणता आणि गाळ कोणता हे कळत नाही. पालापाचोळा, शेण, चिखल जे आधी भेटेल त्यावर तो खर्ची पडतो. म्हणून पहिला नियम: घाण आधी काढा. दुसरा: मात्रा बरोबर ठेवा. तिसरा: औषधाला वेळ द्या. कडक तेच गुणकारी असंही नाही. निव्वळ स्पिरिटपेक्षा सुमारे ७० टक्क्यांचं स्पिरिट जास्त जंतू मारतं, कारण प्रथिनं गोठायला थोडं पाणी लागतंच.

याची प्रचिती व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात फार पूर्वी आली. तिथं डॉक्टर प्रेतं तपासून थेट बाळंतिणींच्या खोलीत जात. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात शंभरांपैकी सुमारे अठरा बाळंतिणी दगावल्या. डॉ. सेमेलवाइस यांनी मे महिन्यात नियम केला, की क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. जुलैत मृत्यूचं प्रमाण शंभरी दोनच्याही खाली आलं. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा सिद्धही झालेलं नव्हतं!

आता आपल्या कारखान्याकडे या. उसाचा रस आपल्याला गोड, तसाच जंतूलाही गोड. ल्युकोनॉस्टॉक नावाचा जंतू उसाच्या कापलेल्या टोकातून आत शिरतो, साखर खातो आणि तिचा डेक्स्ट्रान नावाचा चिकट डिंक करतो. मिलखाली, रसाच्या पन्हाळीत, टाक्यांच्या कडेला बुळबुळीत थर दिसतो तो हाच. हा थर म्हणजे जंतूची ढालच. वरून औषध ओतलं तरी आतपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी गरम पाणी आणि वाफेनं थर काढायचा, मग जंतुनाशक सोडायचं. पुढं रस तापवताना जंतू मरतात, पण झालेला डिंक तसाच राहतो. तो रस दाट करतो, गाळण मंद करतो, साखरेच्या दाण्याचा आकारही बिघडवतो. गेलेली साखर तर परत येतच नाही.

म्हणजे फडात दोन-तीन दिवस पडलेल्या उसावर कारखान्यात कोणतंच औषध नाही. जळीत ऊस तर आणखी लवकर बिघडतो. तोड झाली की ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा. उतारा सगळ्यांचा मिळून निघतो, आणि भाव उताऱ्यावर ठरतो, हे विसरू नये.

पिण्याच्या विहिरीचंही तसंच. आधी पालापाचोळा काढा. मग चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशोबानं घ्या. चार मीटर व्यासाच्या गोल विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ३७,७०० लिटर होतं. त्याला अंदाजे ९५ ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ असेल तर एवढ्यानं भागत नाही. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि पाणी ढवळा. नंतर तासभर कोणी पाणी शेंदू नये. रात्री टाकलेली बरी. पावडरीचं पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की क्लोरीन उडून जातो आणि हाती नुसता चुना उरतो. पावडरीत अॅसिड मात्र कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

तोडणीत कोयता लागला तर जखमेवर माती किंवा तंबाखू-चुना दाबू नये. वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं जखम धुवावी, मगच औषध लावावं. धनुर्वाताच्या जंतूची बीजं माती-शेणात असतात. ती इतकी चिवट, की वरच्या औषधाला दाद देत नाहीत. तेव्हा दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावंच. आपल्या फडावर आलेल्या टोळीतल्या माणसांनाही हे सांगावं. ती दूरच्या गावची असतात, इथला दवाखाना त्यांना ठाऊक नसतो.

औषधाची पुडी विकत मिळते. झाडू, मोजमाप आणि तासभर धीर मात्र आपला आपणच घालावा लागतो.