दुर्बिणीशेजारची फटफटी

जुन्नर-आंबेगावात जुनी मोटारसायकल शोधायची तर गोठ्यात जायचं. गव्हाणीच्या पलीकडे, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि कांद्याची रिकामी बारदानं बाजूला केली की एक हँडल दिसतं. सीटवर कोंबडी बसलेली, टाकीवर धुळीचा थर. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं असतं : ‘‘आजोबांची येझदी आहे. विकायची नाही.’’ चालवायचीही नसते, पण विकायची तर मुळीच नाही. मग एखाद्या दिवाळीत नातू ती अंगणात ओढतो आणि घरात दोन तट पडतात : गाडी दुरुस्त करायला निघालेले आणि त्यांच्यावर वैतागणारे. ही माहिती दोन्ही तटांसाठी.

आधी किक मारू नका

पंधरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीवर पहिल्याच दिवशी उडी मारून किक मारणारा वीर प्रत्येक गावात असतो. उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटून बसतात. तिथे जोर लावला की किकचा शाफ्ट तरी जातो, नाहीतर रिंग तरी तुटते. प्लग काढायचा, भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडायचं आणि चार दिवस गाडीकडे ढुंकून बघायचं नाही. मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हलक्या हाताने पुढे-मागे करत राहायचं. सुटली तर सुटली. नाही सुटली तर इंजिन खोलणं आलंच.

एकच दांडी, दोन कामं

येझदीची किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवायची आणि तिनेच गिअर टाकायचे. शिवाय पायाने ही दांडी दाबली की क्लच आतल्या आत सुटतो, हातातला क्लच न दाबताही गिअर पडतो. ही सगळी करामत मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक या कारखानदाराने १९२९ मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ झालं. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या निघू लागल्या, १९७३ पासून ‘येझदी’ नावाने. हे नाव इराणमधल्या यज्द शहरावरून आलं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, हे दिखाव्यासाठी नाही. त्या सिलिंडरला धूर बाहेर पडायला दोन वाटाच आहेत.

आता सायलेन्सरचा विषय निघालाच आहे तर ऐका. टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. बाहेर पडणाऱ्या धुराची लाट नळीत पुढे जाऊन उलटी फिरते आणि निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण परत सिलिंडरात ढकलते. नळीची लांबी आणि फुगवटा यांचं गणित जमलं तरच हे होतं. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या अभियंत्याने हे गणित इतकं पक्कं बसवलं की १९६१ मध्ये त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला आणि ही विद्या घेऊन थेट सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. ज्या नळीसाठी माणसं देश सोडून पळाली, तिची आतली जाळी छिन्नी-हातोड्याने उडवून ‘आवाज बघ आता’ म्हणणाऱ्याला काय म्हणावं? आवाज वाढतो, ओढ कमी होते, आणि चौकात पोलीस थांबवतात ते वेगळंच.

धकधकीचा हिशोब

बुलेट ३५० चं बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. म्हणजे पिस्टन जाडीपेक्षा लांबच लांब उड्या मारतो, सावकाश आणि दणक्यात. बेरीज-गुणाकार केला की ३४६ सीसी येतात. शेजारी यामाहा आरएक्स १०० ठेवा : बोअर ५०, स्ट्रोक ५०, एकूण ९८ सीसी. एक हत्तीची चाल, एक तट्टाची.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. नव्या गाडीवरचा पोरगा तिच्यावर बसला की उतारावर ब्रेक म्हणून गिअर दाबतो आणि अंगणातल्या सगळ्यांची करमणूक होते.

हिचीच डिझेलवर चालणारी बहीणही होती. इंजिन ३२५ सीसी, ताकद साडेसहा हॉर्सपॉवर, पळ बेताचा, पण मायलेज असं की पेट्रोलवाल्यांनी माना खाली घालाव्यात. पाण्याच्या पंपाला आणि गाडीला एकाच कॅनमधून डिझेल, शेतकऱ्याला आणखी काय हवं!

राजदूत १७५ मूळची पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. तिचीच छोटीशी जीटीएस १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात दिसली आणि लोक तिचं खरं नाव विसरूनच गेले.

पितळेचं नातं जुनं

कार्बोरेटरमधला जेट म्हणजे पितळेचा बारीक तुकडा, मध्ये केसाएवढं भोक. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि त्याचा राळेसारखा चिकट थर या भोकात बसतो. तिथे लोखंडी तार घालणं हा गुन्हा समजा. भोक किंचित मोठं झालं की गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. पेट्रोलमध्ये भिजत ठेवा आणि हिराच्या झाडूची काडी घाला. काडी पितळेपेक्षा मऊ असते, हरली तरी तीच हरते.

पितळ-काशाच्या कामाची जुन्नरला नवलाई नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत, आणि तिथल्या एका शिलालेखात कंसकारांच्या, म्हणजे काशाचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीचा उल्लेख आहे. सोबत वेळूची कामं करणाऱ्यांची श्रेणीही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथले कारागीर ठेवी सांभाळण्याइतके भरवशाचे होते. आजचा मेस्त्री ‘सोमवारी नक्की देतो’ म्हणतो तेव्हा हे आठवून मन शांत ठेवायचं.

लग्नपत्रिकेचं पॅकिंग

इंजिनाच्या दोन भागांमध्ये जो कागद बसतो त्याला गॅरेजात पॅकिंग म्हणतात. बंद पडलेल्या मॉडेलचं तयार पॅकिंग मिळालं नाही तर घरी कापता येतं. कागद इंजिनाच्या कडेवर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक करायचं; लोखंडाची धारच कागद कापते. पॅकिंगचा खास कागद मिळतो, तोच घ्यावा. पण रविवारी दुकान बंद असताना जाडसर लग्नपत्रिकेवर गाडी घरापर्यंत आलेली आहे. ज्या जुन्नरचा हातकागद पेशवाईच्या दप्तरात गेला, तिथे कागदाच्या जिवावर इंजिन चालावं हे शोभूनच दिसतं.

फ्रीजमध्ये काय ठेवलंय?

दुसरा तट इथे खवळतो. बेअरिंग बसवण्याची घरगुती युक्ती अशी : बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि ज्यात ते बसतं ती ॲल्युमिनियमची पेटी गरम करायची. उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. एक आक्रसलेलं, एक फुगलेलं, त्यामुळे ठोकाठोकी न करता बेअरिंग सुळकन आत जातं. बेअरिंग पिशवीत बांधून ठेवा. आइस्क्रीमला ग्रीसचा वास आला तर प्रकल्प तिथेच संपतो.

स्वयंपाकघरातली दुसरी उसनवारी म्हणजे ॲल्युमिनियमची फॉइल. चुरगळून, ओली करून क्रोमवर घासली की वरवरचा गंज निघतो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. एक गंमत : जिला आपण क्रोमची चमक म्हणतो ती बरीचशी खालच्या निकेलची असते. क्रोमचा थर अगदी पातळ, नुसता राखणदार. म्हणून स्वस्तातलं प्लेटिंग एका पावसाळ्यात माळशेजला जाऊन आलं की फोड येतात.

उसाची खोड

गंजलेल्या टाकीवरचा घरगुती उपाय विजेचा. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा भरायचा, मधोमध लोखंडी सळई लोंबकळती ठेवायची, टाकीला ती टेकू द्यायची नाही. बॅटरी चार्जरची ऋण बाजू टाकीला, धन बाजू सळईला. काही तासांत गंज सुटून पाणी गढूळ होतं. हे उघड्यावरच करायचं, कारण हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. सळई स्टीलच्या भांड्यासारखी चकचकीत नको. स्टेनलेस स्टीलमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

टाकी स्वच्छ झाली म्हणून हुरळू नका. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकीच्या तळाशी पाणी साठतं, आणि सत्तरच्या दशकातले रबर नि कॉर्क त्याच्यापुढे टिकत नाहीत. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांच्या टापूत राहणाऱ्यांना हे कळायला वेळ लागू नये : उसापासून इथेनॉल होतं, तेव्हा बांधावरचा ऊसच फिरून आजोबांच्या येझदीच्या टाकीत येतो. पेट्रोलची नळी आणि कॉकची रबरं नव्या प्रकारची घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

फिरतं वायरलेस स्टेशन

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. लहानपणी ट्रान्झिस्टरवर बातम्या चालू असताना रस्त्याने बुलेट गेली की ‘खर्र खर्र’ व्हायचं. टीव्ही आला तेव्हा पडद्यावर ठिपक्यांच्या रांगा उठायच्या. कारण साधं आहे. पॉइंट उघडतात, कॉइल हजारो व्होल्टचा झटका देते, प्लगवर ठिणगी पडते, आणि प्रत्येक ठिणगीतून रेडिओलहरी फुटतात. मार्कोनीची सुरुवातीची बिनतारी यंत्रं अशाच ठिणगीवर चालायची. मिनिटाला ३००० फेरे घेणारी बुलेट सेकंदाला २५ ठिणग्या टाकते. तेवढ्याच फेऱ्यांना टू-स्ट्रोक येझदी ५०, कारण ती प्रत्येक फेऱ्याला पेटते.

आता नारायणगावहून खोडदला चला. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभारली. जागा निवडताना एक कारण हेही होतं, की माणसाने केलेला रेडिओ गोंगाट इथे कमी आहे. अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेली कुजबुज ऐकायला बसलेले हे कान, आणि शेजारच्या रस्त्यावर आमची धडधडती फटफटी! उपाय मात्र किरकोळ आहे. ज्याच्या नंबरात ‘आर’ येतो असा रेझिस्टर प्लग, किंवा तसंच टोपण. गाडी तशीच पळते, गोंगाट कमी होतो. खोडदच्या आसपास जुनी गाडी उभी करणाऱ्याने एवढा शेजारधर्म पाळायला हरकत नाही.

त्या तबकड्यांचं आणि आपल्या चाकाचं आणखी एक नातं आहे. तबकडी भरीव पत्र्याची नाही, ताणलेल्या दोरखंडांवर बारीक स्टेनलेस तारांची जाळी आहे. स्पोकचं चाकही ताणावरच उभं असतं. रिमचा आउट काढताना पाना हलकेच स्पोकवर वाजवा : ताणलेला टणत्कारतो, सैल बद्द वाजतो. नारायणगावात, तमाशाच्या पंढरीत राहणाऱ्यांना तुणतुणं कसं लावतात हे शिकवायला नको.

नंबर कोणता टाकणार?

२०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नवी नोंदणी २० हजार रुपये, फेरनोंदणी ५ हजार. मेख पुढे आहे : गाडी मूळ रूपात हवी, चासी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, आणि ती रोजच्या वापराला काढायची नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. म्हणजे चासी कापून, हँडल आभाळाला टेकवून चॉपर केलीत तर व्हीए विसरा. साध्या नंबरावरही चालणार नाही; नुसता रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद लागते.

आरटीओत चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. शिलालेखांचे ठसे घेणारे अभ्यासक फार वेगळं काय करतात? आणि आकड्यांची हौस म्हणाल तर नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात देशातले फार जुने अंक कोरलेले आहेत. ‘४१४१’ वेडंवाकडं लिहून ‘दादा’ वाचायला लावणारे त्यांचेच वारस.

खरे कस्टमवाले

टाकीवर कवट्या रंगवणाऱ्यांच्या कितीतरी आधी दूधवाल्याने राजदूतला दोन्ही बाजूंनी कॅनचे हूक जोडले. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणींनी १९९४ मध्ये बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि औतं जोडली. बैल परवडेनात म्हणून बुलेटच वखराला जुंपली. आपल्याकडे उलटं चालतं. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा मार्ग मोकळा केला, आणि घाटात बारी मारून बैल मोटारसायकल जिंकतात. बैलांना ती चालवता येत नाही, हा त्यांचा मोठेपणा.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ, नाहीतर बुधवार-रविवारचा जुना बाजार. जाताना जुना भाग खिशात हवा. तोंडी वर्णनावर आजवर कुणाला बरोबर वस्तू मिळालेली नाही. पान्यांचंही ध्यानात ठेवा. येझदीला दहा-अकरा, बारा-तेरा चालतात, जुन्या बुलेटला मात्र विलायती इंची पाने लागतात; दहा-अकरा लावलात तर नटाची टोकं गोल झालीच म्हणून समजा.

जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदीवाले जगभर साजरा करतात. त्या दिवशी आपल्याकडे धो धो पाऊस असतो. निघण्याआधी मॅग्नेटच्या झाकणाला ग्रीस लावा. आणि अंधारायच्या आत परता, कारण जुन्या जावाचा ६ व्होल्टचा दिवा उसातला बिबट्या दाखवत नाही, बिबट्याला तुम्ही दिसता.