हवेची पकड : पोते धरणारा यंत्राचा पंजा



साखरेची पोती भरणे, शिवणे आणि गोदामात थप्पी लावणे ही कामे वर्षानुवर्षे हातावर आणि पाठीवर होत आली. आता अनेक कारखान्यांत यातली काही कामे यंत्रे करतात. वजनकाट्याखाली रिकाम्या पोत्याचे तोंड धरून ठेवणारी पकड आणि थप्पी लावणाऱ्या यंत्राचा पंजा ही दोन्ही बहुधा दाबलेल्या हवेवर चालतात. अशा पकडीला 'न्यूमॅटिक ग्रिपर' म्हणतात. यंत्रखरेदीचा विषय कधी ना कधी सभेपुढे येतोच. पैसा आपल्या उसाचा आहे, तेव्हा हे चालते कसे ते आपल्याला ठाऊक असलेले बरे.

हवा धरते कशी?

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरा आणि दट्ट्या ढकला. आतली हवा बोटाला रेटा देते. पकडीत हाच रेटा कामाला लावलेला असतो. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत साठवतो. हा दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोच्या आसपास ठेवतात. तिथून हवा गाळणीतून आणि दाब नेमणाऱ्या झडपेतून व्हॉल्व्हपाशी येते. दारे धरणारा गडी एका सरीचे पाणी तोडून दुसरीला लावतो, तसेच काम विजेवर चालणारा हा व्हॉल्व्ह करतो. सिलिंडरच्या एका बाजूला हवा सोडली की दट्ट्या पुढे सरकतो, त्याचा दांडा जबडे मिटवतो. दुसऱ्या बाजूला सोडली की जबडे उघडतात. स्वयंपाकघरातल्या सांडशीसारखाच हा प्रकार, फक्त दाबणारा हात हवेचा.

जोर किती?

हिशेब सोपा आहे : हवेचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. ५० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. त्याला ६ ने गुणले की सुमारे ११८ किलोचा जोर मिळतो. घर्षणात त्यातला थोडा जातो.

आता कुणी म्हणेल, पोते ५० किलोचे, मग एवढा जोर भरपूर झाला! पण तसे नाही. दोन बाजूंनी दाबून धरलेली वस्तू घर्षणावर टिकते. घर्षणांक ०.३ धरला, तर ५० किलोचे पोते नुसते लटकत ठेवायला प्रत्येक जबड्यावर सुमारे ८३ किलो जोर लागतो. उचलताना झटका बसतो, म्हणून तो निदान दुप्पट धरावा लागतो. एवढ्या जोराने चिमटले तर पोते फाटायची भीती. म्हणून पोत्याच्या पंज्याला दाताळ्यासारखी वाकडी बोटे असतात. ती रुळांच्या फटीतून पोत्याखाली शिरतात आणि भार बोटांवर पेलला जातो. हवेने फक्त बोटे मिटवायची आणि उघडायची.

आपली टिपिंग ट्रॉली तेलाच्या दाबावर उचलते. तो दाब हवेच्या कितीतरी पट असतो. म्हणजे अवजड कामाला तेल, हलक्या आणि चपळ कामाला हवा.

सभासदांनी काय विचारावे?

पहिले : वीज किंवा हवा अचानक गेली तर पोते सुटेल की धरलेले राहील? हवा अडवून ठेवणारी झडप किंवा स्प्रिंग बसवली तर पकड टिकते. ती नसेल तर ५० किलोचे पोते खालच्या माणसावर पडू शकते. तसेच मिटत्या जबड्यात बोट सापडू नये म्हणून जाळी किंवा दोन्ही हातांनी दाबायची बटणे आहेत का, हेही पाहावे.

दुसरे : गळती किती? हवा फुकट, पण दाबलेली हवा महाग. सुमारे ७ किलो दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचे एक भोक पडले, तर अदमासे ३ किलोवॉट वीज वाया जाते. म्हणजे दिवसाला ७२ युनिट, दीडशे दिवसांच्या हंगामात १०,८०० युनिट! सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्याला हीच वीज विकता आली असती. फुसफुस आवाज ऐकू आला की साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. हे काम कुणाचे, ते आधीच ठरलेले असावे.

तिसरे : हवा स्वच्छ आहे का? साखर हे अन्न आहे. पकडीतून सुटणारी हवा पोत्याच्या तोंडापाशी बाहेर पडू शकते. तिच्यात तेल किंवा पाणी असून चालणार नाही.

आणि चौथे, सगळ्यांत महत्त्वाचे : आजवर ज्या हमालांच्या पाठीवर ही पोती गेली, त्यांना पुढे कोणते काम देणार?

यंत्राची किंमत तर कागदावर असतेच. या चार प्रश्नांची उत्तरेही त्याच कागदावर मागावीत, आणि मगच हात वर करावा.