नाशिकचा मुद्रांक आणि दस्तऐवज परीक्षकाची उपेक्षा

मुद्रांक छापणाऱ्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसची स्थापना १९२५ ची. तिच्या शताब्दीच्या निमित्ताने छापणाऱ्यांइतकेच, छापलेला कागद खरा की बनावट हे ठरवणाऱ्या दस्तऐवज परीक्षकांचेही स्मरण व्हायला हवे.

या व्यवसायाला सरकारी मान्यता मिळाली ती १९०४ मध्ये बंगालात हस्ताक्षरतज्ज्ञाचे पद निर्माण झाल्यावर; १९०६ मध्ये ते सिमल्याला हलले आणि पुढची अनेक दशके मृत्युपत्रे, खरेदीखते व सह्यांच्या वादांत गेली. तज्ज्ञाचे मत केवळ पुष्टी नाही म्हणून फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मुरारीलाल खटल्यात स्पष्ट केले, तरी 'नुसते मत' हा शिक्का पुसला गेला नाही.

खरी कसोटी लागली ती १९९४ ते २००४ या दशकात. मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवलेल्या अब्दुल करीम तेलगीने नाशिकच्या प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रे हस्तगत केली आणि त्यांवर छापलेले बनावट मुद्रांक बँका व विमा कंपन्यांपर्यंत पोहोचवले. यंत्रच मूळचे असेल, तर केवळ छपाईच्या ठेवणीवर विसंबता येत नाही. म्हणून कागदाचा पोत, जलचिन्ह म्हणजे प्रकाशात धरल्यावर दिसणारी अंगभूत खूण, अतिनील प्रकाशातील शाईचे वर्तन आणि अनुक्रमांक हे सारे एकत्र ताडून पाहावे लागते. असे काम जाणणारी माणसे मुद्रांक स्वीकारणाऱ्या कार्यालयांत नसणे, हेही हा व्यवहार वर्षानुवर्षे चालण्याचे एक कारण होते. २००१ मध्ये अजमेरला तेलगीला अटक झाली, २००४ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. चर्चा मात्र पोलीस आणि राजकारणी यांच्याभोवतीच फिरत राहिली, आणि कागद पारखणारा माणूस कुठे होता हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

त्यानंतर शासनाने कागदच कमी केला: फ्रँकिंग, म्हणजे यंत्राने कागदावर शुल्काचा ठसा उमटवणे, वाढले, मग ऑनलाइन भरणा आला. हा उपाय योग्यच होता, पण त्यातून कौशल्याची गरज संपली असा चुकीचा अर्थ काढला गेला. जुने करार, जुने सातबारे आणि वारसाहक्काचे वाद अजूनही कागदावरच उभे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने गंभीर गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट बंधनकारक करण्याची तरतूद केली. कागद वाचणाऱ्या तज्ज्ञाला मात्र अशी निकड कुणी दिली नाही. पदे, वेतन आणि बढतीची निश्चित वाट मिळाल्याखेरीज नाशिकचा विज्ञान पदवीधर या क्षेत्राकडे वळणार नाही, आणि तो वळला नाही तर पुढचा तेलगीही उशिराच ओळखला जाईल.